सत्ता वारशाने मिळावी काय?

बीड जिल्ह्यातील पुष्कळ जुन्या गावांत, पांढरीच्या मध्यभागी, एखादा पडका वाडा अजून दृष्टीस पडतो. बुरूज ढासळलेला असतो, देवडीत शेळ्या बांधलेल्या असतात, दिंडीदरवाजाचे सागवान कोणी केव्हाच विकून टाकलेले असते. घराण्यातील मुले पुण्यामुंबईकडे नोकरीस गेलेली असतात. तथापि वाटेवरील एखाद्या वृद्धास विचारावे की, "बाबा, हे घर कोणाचे?" तर तो आपला आवाज किंचित खाली आणून सांगतो, "ते देशमुखांचे. वतनदार माणसे." वाडा पडला, वसूल गेला, दारावरचे शिपाई गेले, परंतु आवाज खाली येण्याची ती रीत मात्र राहिली आहे. ह्या रीतीविषयी आज आम्ही आपल्या वाचकांशी थोडे बोलू इच्छितो.

प्रश्न साधा आहे. शेत, बैलजोडी, विहीर, घरातील चार भांडी ही बापाकडून मुलास येतात, आणि त्यात कोणास काही वावगे दिसत नाही. परंतु माणसांवर हुकूम चालविण्याचा अधिकार, त्यांचा न्याय करण्याचा अधिकार, त्यांच्या धान्यातून वाटा काढून घेण्याचा अधिकार, हाही शेताप्रमाणेच बापाकडून मुलास यावा काय? आणि त्याच्या उलट, एका मनुष्याच्या वाट्यास जन्मतःच दुसऱ्याची चाकरी यावी, हे न्याय्य आहे काय? कोणी म्हणतील, ह्याचा निकाल कायद्याने कधीच लावला आहे. कागदावर लावला आहे हे खरे. मनात लागला आहे की नाही, हे पाहण्यासाठी प्रथम ही गोष्ट जगात घडली कशी, ते समजून घेतले पाहिजे.

आरंभ दूरच्या देशापासून करू. कारण दुसऱ्याच्या घरातील दोष आपणांस लवकर दिसतो, आणि एकदा तेथे तो ओळखला म्हणजे आपल्या घरातही ओळखता येतो. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी फ्रान्स देशात राजा एकेका परगण्यावर आपला एक अंमलदार नेमीत असे. त्यास काउंट म्हणत. हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून निघाला त्याचा अर्थ केवळ 'सोबती' एवढाच आहे. राजाच्या सोबतीचा जो विश्वासू माणूस, त्याने परगण्यात जाऊन वसूल करावा, न्याय द्यावा, आणि लढाईचा प्रसंग आला की माणसे घेऊन हजर व्हावे, असे ते काम होते. शार्लमेन बादशहा, जो ८१४ साली मरण पावला, तो ह्या काउंटांच्या कामाची तपासणी करण्यास आपले निरीक्षक पाठवीत असे. आणि काम वाईट दिसले तर राजाने काउंटास दूर करावे, असा नियम होता. म्हणजे ती नोकरी होती, मालमत्ता नव्हती.

पुढे त्याचा नातू चार्ल्स हा ८७७ साली इटलीच्या स्वारीवर निघाला. निघण्यापूर्वी त्याने कीएर्झी येथे काही हुकूम केले. त्यांत एक असा होता की, आपल्या गैरहजेरीत एखादा काउंट मेला, तर त्याच्या मुलाच्या वतीने परगण्याची तात्पुरती व्यवस्था चालावी, आणि आपण परत आल्यावर काय ते ठरवावे. राजा त्याच वर्षी मेला. मुलाने बापाच्या जागी बसण्याची चाल त्यापूर्वीच पडू लागली होती, आणि ह्या तात्पुरत्या सोयीने तिला जणू राजाचाच आधार मिळाला. एकदोन पिढ्यांत कोणास आठवेना की ही जागा कधी राजाने दिली होती. लोक म्हणू लागले की परगणा त्या घराण्याचाच.

दक्षिण फ्रान्सातील तुलूझ परगण्याचे उदाहरण घ्या. नवव्या शतकाच्या मध्यापासून तेथे एकाच घराण्याचा अंमल चालला. रेमंड नावाचे सात काउंट त्या घराण्यात होऊन गेले. चारशे वर्षे हा वारसा चालला. सातवा रेमंड १२४९ साली वारला; त्यास मुलगा नव्हता, एक कन्या मात्र होती. तिचे लग्न आधीच राजाच्या भावाशी झाले होते, म्हणून परगणा जावयाकडे गेला. ती दोघे नवराबायको १२७१ साली निपुत्रिक वारली, आणि तुलूझ परगणा फ्रान्सच्या राजाच्या खजिन्यात जमा झाला. एक पाळणा, एक लग्न व दोन मरणे ह्यांवर त्या भूमीवरील असंख्य शेतकऱ्यांचा धनी कोण हे ठरले. त्या शेतकऱ्यांस कोणी विचारले नाही. विचारावे असे कोणाच्या मनातही आले नाही. पुढे पाच शतके लोटल्यावर, ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री, पॅरिसजवळ व्हर्साय येथे भरलेल्या लोकसभेने जमीनदारांचे जन्मजात हक्क रद्द करण्याचा ठराव केला, तेव्हा कोठे ही गोष्ट मोडू लागली.

आता आपल्या घरी येऊ. आमच्या ह्या भूमीवर देवगिरीच्या यादवांचे राज्य झाले, मग बहामनी सुलतानांचे, मग अहमदनगरच्या निजामशहांचे, मग मोगलांचे. आणि १७२४ पासून १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाचे. राजे बदलले, परंतु गावात पाटील व कुळकर्णी आणि परगण्यात देशमुख व देशपांडे हे होते तेथेच राहिले. नव्या राजास कोणते शेत कोण करतो, कोणत्या गावाचा आकार किती, हे ठाऊक नसे. ते देशमुखास ठाऊक, आणि देशपांड्याच्या दप्तरात लिहिलेले. म्हणून येणारा प्रत्येक राजा ह्यांस हाती धरी. आरंभी ह्या मंडळींचे काम खरोखर मोठे होते. ओसाड पडलेली गावे बसवावी, पळालेल्या कुळांस कौल देऊन परत आणावे, पडीक रान लागवडीस लावावे, दुष्काळात बीबियाण्याची सोय करावी, ही कामे त्यांनी केली. त्याबद्दल त्यांस इनाम जमीन व वसुलातील वाटा मिळाला. हे योग्यच झाले. ज्याने गाव बसविले त्याला गावाने काही द्यावे, ह्यात अन्याय नाही.

परंतु पुढे काय झाले? काम करणारा मेला, आणि कामाचे बक्षीस मुलास मिळाले. मुलाने गाव बसविले नव्हते. नातवाने तर पडीक रान पाहिलेही नव्हते. तरी वाटा चालू राहिला. आणि मग हे वतन इतर मालमत्तेप्रमाणे भावाभावांत वाटले जाऊ लागले, गहाण पडू लागले, विकले जाऊ लागले. निम्मी पाटिलकी अमुक रकमेस विकली, असे जुने कागद महाराष्ट्रात सापडतात. ज्याच्या हाती गावाचा न्याय, ते पद म्हशीप्रमाणे बाजारात येते, ही गोष्ट त्या काळच्या लोकांस विचित्र वाटत नसे. मात्र वतनाचा वाद पडला की ते जीव द्यावयास तयार होत. गोतसभा बसत, साक्षी होत, आणि तेवढ्याने भागले नाही तर उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढण्याचे दिव्य करीत. पोळ्याला पहिला बैल कोणाचा, पानसुपारीचा पहिला विडा कोणास, ह्यावरून पिढ्यानपिढ्यांची वैरे चालत. सेवा विसरली गेली आणि मान तेवढा उरला.

बीडच्याच इतिहासातील एक प्रसंग सांगतो. १७१९ साली शाहू छत्रपतींस मोगल बादशहाकडून दक्षिणेच्या सहा सुभ्यांतील चौथाई व सरदेशमुखी ह्यांच्या सनदा मिळाल्या. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, आणि सरदेशमुखी म्हणजे आणखी दहावा. पुढे निजाम स्वतंत्र झाल्यावर त्याने हे हक्क नाकारण्याचा प्रयत्न केला. ह्या तंट्यात शाहूंचा सरलष्कर सुलतानजी निंबाळकर हा धनी सोडून निजामास मिळाला, आणि बीडकडील मुलूख त्यास जहागीर मिळाला. १७२८ साली पालखेड येथे बाजीराव पेशव्याने निजामास कोंडीत धरले, आणि मुंगी शेवगावच्या तहाने निजामास चौथाई व सरदेशमुखी पुन्हा कबूल करावी लागली. थोर थोर मंडळींचे असे हे चालले होते. परंतु ह्या सर्व काळात आमच्या भागातील कुणबी काय करीत होता? तो एका खळ्यातून दोन धन्यांस देत होता. निजामाचा अंमलदार एकीकडून येई आणि मराठ्यांचा कमाविसदार दुसरीकडून. ह्यास लोक दुअमली म्हणत. सुलतानजीने धनी बदलला, तेव्हा त्यास जहागीर मिळाली. कुणब्याने धनी बदलावा म्हटले, तर त्यास घरदार सोडून रानोमाळ पळणे एवढाच मार्ग होता.

हे आमचेच आजचे मत आहे, जुन्या लोकांस हे दिसत नव्हते, असे कोणी समजू नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, जे १७१५ च्या सुमारास लिहिले गेले, वतनदारांविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात अमात्य म्हणतात की, हे लोक नावाचे चाकर, परंतु वस्तुतः राज्याचे वाटेकरी आहेत. शत्रू आला की वतन वाचविण्यासाठी ते आधी त्याकडे जातात. आणि तरीही त्यांचे वतन काढून घेऊ नये, काढले तर अनर्थ होईल, सांभाळून वागवावे, असा त्यांचा सल्ला आहे. म्हणजे दोष दिसत होता, आणि तो काढण्याचे बळ नव्हते. शहाण्या कारभाऱ्यासही ज्याचा धाक वाटे, ते वतन सामान्य रयतेस किती जड झाले असेल, ह्याची कल्पना करावी.

आणखी एक गोष्ट आमच्या मुलखातीलच आहे. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग हे १८५३ साली अधिकारावर आले. त्यांनी पुढे जिल्हे पाडले, तालुके पाडले, पगारी तहसीलदार नेमले, आणि वसुलाचे काम देशमुख व देशपांड्यांकडून काढून घेतले. काम गेले, तर मोबदला जावयास नको काय? परंतु तो गेला नाही. त्याऐवजी त्यांस रुसूम म्हणून रोख नेमणूक बांधून दिली, आणि ती वंशपरंपरा चालली. पूर्वी वाटा होता आणि निदान नावाला तरी काम होते. आता काम सरकारी कारकून करी, आणि जुना वाटा घरबसल्या येई. अधिकाराची मालमत्ता कशी होते, हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल त्याने रुसूम ह्या एका शब्दाचा विचार करावा. तुलूझच्या काउंटांचा इतिहास वाचण्याचे त्यास कारण नाही.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, "मग वारसा म्हणून काही असूच नये, असे तुमचे म्हणणे आहे काय?" तसे आमचे म्हणणे मुळीच नाही. आमच्या मते सर्व घोटाळा वतन ह्या एका शब्दाने केला आहे. ह्या एका शब्दाखाली तीन अगदी निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या.

पहिली गोष्ट मिरासीची. कुणबी जे शेत पिढ्यानपिढ्या करीत आला, ते सारा देत आहे तोवर त्याच्याकडून कोणी काढू नये, हा त्याचा मिरासी हक्क. हा वारसा गरिबाचा कोट होता. शास्त्रातील नाबोथाची गोष्ट वाचकांस ठाऊक आहे. अहाब राजाने त्याच्या द्राक्षमळ्याबद्दल दुसरा चांगला मळा अथवा रोख रुपये देऊ केले, तरी माझ्या वाडवडिलांचे वतन मी देणार नाही, असे तो राजाच्या तोंडावर म्हणाला. त्या एका शब्दाच्या आधाराने एक साधा शेतकरी राजासमोर उभा राहिला, आणि त्यासाठी प्राणास मुकला. अशा वारशाची निंदा आम्ही कशी करू? घाम गाळून केलेल्या शेताचा वारसा पुढील पिढीस उभे राहण्यास जागा देतो, आणि त्यामुळे दुसऱ्या कोणाची मान खाली होत नाही.

दुसरी गोष्ट देशमुखीची व पाटिलकीची, म्हणजे माणसांवरील अधिकाराची. ह्या वारशात जे मुलास मिळते ते शेत नव्हे. दुसऱ्या माणसांची आज्ञाधारकता त्यास मिळते. ती बापास तरी कोणी दिली? बापाच्या कामामुळे लोकांनी दिली, अथवा राजाने विश्वासाने दिली. विश्वास ही अशी वस्तू आहे की ती ज्याच्यावर ठेवली त्याच्याबरोबर संपते. पेटीत ठेवून मुलास देता येत नाही. मुलाने ती पुन्हा कमवावी. न कमविता घेतली तर तो जे घेतो ते बापाचे नसून लोकांचे असते.

तिसरी गोष्ट महारकीची. तिलाही वतनच म्हणत. गावाची शीव राखावी, चावडी झाडावी, सरकारी टपाल पुढील गावी पोचवावे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावावे, मेलेली गुरे ओढावी; आणि त्याबद्दल हाडकी हाडोळ्याची जमीन व खळ्यावरचे बलुते घ्यावे. बेदरच्या बादशहाने बावन हक्क दिले, अशी आख्यायिका म्हातारी माणसे अभिमानाने सांगत. त्या अभिमानाचा आम्ही उपहास करीत नाही. ज्याच्याजवळ दुसरे काही नाही त्याने आपल्या हक्काचे नाव जपावे हे स्वाभाविक आहे. परंतु त्या हक्काची खरी किंमत काय होती? एका घरी मूल जन्मले की त्याच्या हाती जन्मतःच काठी आणि घोंगडी आली. त्याने काय व्हावे, हे त्याच्या जन्माआधीच ठरले. ब्रिटिश मुलखात १८७४ च्या वतन कायद्याने ही चाकरी बांधून टाकलेली होती. ती सुटावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात दुरुस्तीचे विधेयक आणले. त्यांनी दाखवून दिले की हे वतन म्हणजे स्वस्तात घेतलेली गुलामी आहे. त्यांच्या हयातीत ते काम पुरे झाले नाही.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, आणि हीच आज आम्हांस मुख्यत्वे सांगावयाची आहे. दुसरे व तिसरे वतन ही एकाच नाण्याच्या दोन बाजू होत. एका घरी हुकूम जन्माने यावा, तर दुसऱ्या कोणत्या तरी घरी हुकूम ऐकणे जन्माने आलेच पाहिजे. एक वाडा उभा राहण्यास पुष्कळ झोपड्यांस वाकावे लागते. म्हणून ज्यास तिसरे वतन अन्यायाचे वाटते, त्याने दुसऱ्याची हाव धरू नये. "आमच्या वाडवडिलांनी चाकरी केली, आता आमच्या मुलांनी वतनदार व्हावे," असे ज्याच्या मनात येते, त्याने अन्याय मोडला नाही, फक्त आपली बाजू बदलली.

ह्यावर एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. कोणी म्हणतात की, वंशपरंपरेचा धनी बरा. कारण त्यास आपल्या नातवासाठी झाड राखावयाचे असते. आज आला, उद्या गेला असा अंमलदार मात्र झाड तोडून लाकूड विकून जातो. सतराव्या शतकात बर्निये नावाचा एक फ्रेंच वैद्य मोगल दरबारी राहून गेला. त्याने आपल्या देशाच्या प्रधानास पत्र लिहून असेच मत मांडले की, ज्या जहागीरदारांची जहागीर केव्हा काढून घेतली जाईल ह्याचा नेम नाही, ते तलाव व पाट दुरुस्त करीत नाहीत. मिळेल तेवढे पिळून काढतात. ह्यात सत्य आहे, हे आम्ही मान्य करतो. फिरत्या अंमलदाराने रयतेस लुटल्याची उदाहरणे आमच्याही मुलखात कमी नाहीत.

परंतु ह्या आक्षेपास उत्तर बीड शहराबाहेरच आहे. शहराच्या दक्षिणेस खजाना विहीर आहे. मुर्तझा निजामशहाच्या अमदानीत, १५८२ च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान ह्याने ती बांधविली. भुयारांतून तिच्यात पाणी येते, आणि भुयारातूनच ते बाहेर पडून पाटाने शेतांस जाते. दुष्काळी म्हणून नाव पडलेल्या ह्या मुलखात चारशे वर्षांहून अधिक काळ ती रयतेच्या उपयोगी पडली आहे. आता पाहा, जहागीरदार हा कायमचा धनी नव्हता. राजाच्या मर्जीवर त्याचे पद होते. त्याच्या वंशजांस त्या शेतांतून काही मिळावयाचे नव्हते. तरी त्याने विहीर बांधली. उलट पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिलेल्या किती वतनदारांनी अशी विहीर बांधली? झाड राखणे हे रक्तावर अवलंबून नाही. ज्यास आपण विश्वस्त आहोत असे वाटते तो राखतो. ज्यास आपण मालक आहोत असे वाटते त्याची राखण बहुधा आपल्या कुंपणापाशी संपते.

दुसरे उदाहरण वारशाच्या बाजूचे म्हणून पुष्कळदा देतात, ते अहिल्याबाई होळकरांचे. आमच्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील चौंडी गावी, १७२५ साली त्यांचा जन्म झाला. परंतु नीट पाहिले तर हे उदाहरण उलट बाजूस जाते. अहिल्याबाई जन्माने होळकर नव्हत्या. त्यांचे सासरे मल्हारराव हेही कोणत्या दौलतीचे वारस नव्हते. धनगराच्या घरातून स्वतःच्या कर्तबगारीने ते वर आले होते. पती १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले, सासरे १७६६ साली गेले, मुलगा मालेराव १७६७ साली वारला. रक्ताची ओळ संपली, तेव्हा खरा कारभार सुरू झाला. सासऱ्यांच्या हाताखाली हिशेब व राज्यकारभार शिकलेल्या ह्या सुनेने १७९५ पर्यंत जे राज्य केले, त्याचे घाट, विहिरी व धर्मशाळा आजही हिंदुस्थानभर उभ्या आहेत. त्यांस मिळाले ते शिक्षण. आणि त्यांनी स्वतः घेतली ती जबाबदारी. वाडवडिलांकडून खरोखर घेण्यासारख्या ह्याच दोन गोष्टी आहेत.

कायद्याने जे करावयाचे ते क्रमाने केले. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. १९४९ साली तेथील जहागिरी रद्द झाल्या. संस्थानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांखाली होता. १९५४ साली इनामे व रोख नेमणुका बंद करण्याचा कायदा झाला. जुन्या मुंबई मुलखात महार वतनादी कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने संपली, आणि १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरेची मुलकी पाटिलकी गेली. १९७१ साली संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. काउंट गेले, जहागीरदार गेले, देशमुखांची केवळ आडनावे राहिली.

आणि तरीही आम्ही आरंभी म्हटले की मनातील निकाल बाकी आहे. का, ते सांगतो. दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील लाखो माणसे बिऱ्हाड पाठीवर टाकून ऊस तोडावयास जातात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. निघण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती हंगामात फिटली नाही तर पुढील हंगामावर चढते. आईबापांबरोबर मुलेही फडावर जातात, त्यांची शाळा अर्ध्यावर सुटते, आणि वयात आली की त्यांच्याही हाती कोयता येतो. कोणत्याही कायद्यात हे वतन लिहिलेले नाही. कोणी त्यास वतन म्हणत नाही. तथापि ज्या मुलाने काय व्हावे हे त्याच्या जन्माआधी ठरले आहे, त्याच्या वाट्यास तिसरेच वतन आले आहे, असे आम्ही म्हणतो. काठी आणि घोंगडी जाऊन कोयता आला, एवढाच फरक. ज्या घरी असे मूल आहे त्या घराने, आणि ज्या गावी असे घर आहे त्या गावाने, निदान एवढे तरी करावे की हंगामात ते मूल आजीपाशी अथवा शेजारी राहून शाळेत बसेल. ही विहीर लहान आहे, परंतु ती बांधण्यास जहागीर लागत नाही.

दुसरी बाजूही पाहू. पंचायतीची, सोसायटीची, कारखान्याची जागा मताने मिळते. परंतु बापानंतर मुलगा, मुलानंतर सून, असे जेथे होते तेथे लोकच म्हणतात, "ती जागा त्यांच्याच घरची." कोणी कागद करून दिला? कोणी नाही. आपल्याच जिभेने दिला. फ्रान्सच्या राजाची तात्पुरती सोय जशी कायमची झाली, तशीच ही होते. मुलगा लायक असेल तर त्यास अवश्य निवडावे. लायक मनुष्यास बापाच्या नावामुळे वगळणे हाही अन्यायच. परंतु त्याची लायकी विचारण्याचा प्रश्न तोंडातून निघाला पाहिजे. आणि हे गावाच्या पंचांस जितके लागू, तितकेच मंडळीच्या पंचांस. ज्या घराने प्रथम कष्ट सोसले त्याची आठवण मंडळीने कृतज्ञतेने ठेवावी. परंतु कृतज्ञतेची देशमुखी होऊ देऊ नये. किल्ल्या कोणाकडे, हिशेब कोण दाखवितो, पुढे कोण बसतो, हे तीन प्रश्न वर्षातून एकदा मोकळेपणाने विचारले गेले, तर त्यात कोणाचा अपमान नाही.

वाचकहो, जुन्या धन्यांचा द्वेष करा असे आम्ही सांगत नाही. त्यांच्या वंशजांपैकी पुष्कळ जण आज तुमच्याआमच्याप्रमाणे नोकरी शोधीत फिरतात, आणि पणजोबाचा अपराध पणतूच्या माथी मारणे हीही एक प्रकारची वंशपरंपराच होय. तिचाही त्याग केला पाहिजे. आमचे सांगणे एवढेच की, पुढील वेळी पडक्या वाड्यापाशी कोणी विचारले, "हे घर कोणाचे?" तर उत्तर जरूर द्यावे, आदराने द्यावे, परंतु आवाज खाली आणू नये. आणि आपल्या मुलास दाखवावयाचेच असेल, तर वाड्याआधी खजाना विहीर दाखवावी. तिला सलाबतखानाचे नाव आहे, मालकी मात्र कोणाच्या वंशाची उरलेली नाही. पाणी ज्याच्या शेतास पोचते त्यास ते कोणाचा मुलगा हे विचारीत नाही.